सोबत म्हणून गेले, वाऱ्याच्या बेटावर!

मैत्रिणींनो, सुट्टीतला प्रवास म्हटला की आपल्यापुढे महाबळेश्वर, केरळ, फार तर काश्मीर येते. माझीही मजल आजवर तेवढीच होती. त्यामुळे गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज नावाच्या बेटावर आठ दिवस राहून आले, असे सांगितले की आमच्या सोसायटीतल्या बायका आधी विचारतात, "हे कुठं आलं बाई?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "तिथं काय करायला गेला होतात?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र मला हसू येते. मी तिथे पतंग उडवणाऱ्या नणंदेला सांभाळायला गेले होते!

आमची धाकटी नणंद (घरात सगळे तिला छोटीच म्हणतात) पुण्यात नोकरी करते. वय एकोणतीस, लग्न अजून नाही, आणि सासूबाईंचा तो रोजचा विषय आहे. तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती रामेश्वरला गेली आणि तिथून काइटसर्फिंग शिकून आली. "लोक रामेश्वरला पापं धुवायला जातात, ही पतंग शिकून आली," असे सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

हा पतंग आपला संक्रांतीचा नव्हे हो! सहावारी साडी पुरती उलगडली तर साधारण सहा चौरस मीटर कापड होते. छोटीचा लहान पतंग सात मीटरांचा आहे आणि मोठा नऊ मीटरांचा. म्हणजे साडीहून मोठे कापड, वीस-बावीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला हातात धरायचा दांडा, कमरेला जाड पट्टा, त्या पट्ट्याच्या आकड्यात दांडा अडकवायचा आणि पायाखाली फळी. पतंगाच्या कडेला सायकलच्या ट्यूबसारखी एक जाडजूड नळी असते. तिच्यात पंपाने हवा भरतात, म्हणून पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उचलता येतो. ही हवा भरायची युक्ती फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातल्या लेगेन्यू आडनावाच्या दोन भावांची. त्यांनी १९८४ साली तिचे पेटंट घेतले. तेव्हा त्यांना कोणी फारसे विचारले नाही, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ थेट पदकांच्या यादीत! बायकांची वेगळी शर्यत होती, ती ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजने जिंकली. छोटीने ती शर्यत मोबाइलवर आमच्या सगळ्या घराला दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "चांगली आहे मुलगी. पण तिची आई कुठं बसली असेल गं तेव्हा?"

तर या छोटीला रॉड्रिग्जला जायचे होते. घरात आठ दिवस वाद झाला. शेवटी तोड निघाली ती अशी, की वहिनीने सोबत जावे. माझी शाळा अर्धवेळ, तीही मे महिन्यात बंद. मुलांना सांभाळायला आजी आहेच. आमचे हे म्हणाले, "जाऊन ये, तुझाही समुद्र होईल." निघताना सासूबाईंनी मला देवघराशी बोलावले आणि माझा हात धरून म्हणाल्या, "वारा फार असला तर तिला पाण्यात जाऊ देऊ नकोस. शब्द दे." मी दिला. वाऱ्याच्या बेटावर वारा किती असतो, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

मुंबईहून मॉरिशस सहा-साडेसहा तासांचे विमान. भारतीयांना तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे एक बरे. विमानतळावर आपल्याकडची आडनावे कानावर आली आणि मी चमकलेच. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेलेल्या लोकांत आपल्या कोकणातलीही बरीच माणसे होती, त्यांची ही नातवंडे-पतवंडे. गणेश चतुर्थीला त्या देशात आजही सरकारी सुट्टी असते. तिथून पुढे मात्र आपले असे काही उरत नाही. पंख्यांचे छोटे विमान पूर्वेला दीड तास नुसते पाण्यावरून जाते. सुमारे साडेपाचशे किलोमीटरांत दुसरे बेट नाही की खडक नाही. मग खाली एकदम फिकट निळ्या पाण्याचे मोठे तबक दिसते, त्याच्या कडेला फेसाची पांढरी झालर आणि मध्ये तपकिरी-हिरवे डोंगर. ते रॉड्रिग्ज.

बेट केवढे? जेमतेम १०८ चौरस किलोमीटर. लांबी अठरा किलोमीटर, वस्ती चाळीस-पंचेचाळीस हजार. आपल्याकडचा एखादा तालुका याहून किती तरी मोठा. पण बेटाभोवती प्रवाळाचा कोट आहे आणि त्याच्या आतले उथळ पाणी, म्हणजे लगून, बेटाच्या जवळजवळ दुप्पट आहे. हे मॉरिशसच्याच राज्यातले, मात्र २००२ पासून त्याला स्वतःची विधानसभा आहे. लोक बहुतेक आफ्रिकन वंशाचे, धर्माने ख्रिस्ती, बोलायला क्रिओल, आणि स्वभावाने, काय सांगू, आपल्या खेड्यातल्यासारखे. रस्त्यात भेटलेला प्रत्येक माणूस "बोंझूर" म्हणतो. आम्ही राहिलो ते मुरूक नावाच्या दक्षिण-पूर्वेच्या किनाऱ्यावर, एका बाईंच्या घरी. जेवणखाण त्यांच्याकडेच.

आणि वारा! आम्ही साताऱ्याचे. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघायला पाहुण्यांना नेतो, म्हणजे वारा आम्हाला नवा नाही. पण तिथला वारा सुटतो आणि पडतो. इथला पडतच नाही. मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे दिवसरात्र वाहतात. पूर्वी शिडाची जहाजे ज्यांच्या भरवशावर चालत तेच हे वारे, आणि त्यांच्या वाटेत हजारो किलोमीटर आडवे काही नाही. पहिल्या दिवशी दोरीवर वाळत घातलेली माझी ओढणी चिमट्यासकट गेली. दुसऱ्या दिवशी मी साडीला सहा पिना लावल्या. तिसऱ्या दिवशी छोटीची पँट घातली. (हे सासूबाईंना सांगितलेले आहे, काळजी नसावी.)

पतंगाच्या खेळाला असा वारा म्हणजे पर्वणी. पण छोटी म्हणाली, "वहिनी, इथं नवशिक्यानं एकट्यानं येऊ नये." का, ते मी तिथे बसून बसून शिकले. शिकवणारे किनाऱ्यावर आहेत, पण शिकाऊ माणूस पतंगामागे वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि मग फळी काखेत मारून चालत परत येतो. वाऱ्याच्या विरुद्ध तिरपे तिरपे चढत, निघालो त्याच जागी परत येणे हीच या खेळातली खरी परीक्षा. ते येत नसेल तर मुरूकला पंचाईत. पायाखाली वाळूऐवजी प्रवाळ, ओहोटीला पाणी गुडघाभर, त्यात काटेरी समुद्री साळिंदरे. शिवाय प्रवाळाच्या कोटाला एक खिंड आहे. बाहेरच्या लाटा कोटावरून पाणी सारख्या आत टाकत असतात, आणि ते पाणी ओहोटीला त्या खिंडीतून बाहेर धावते. डोंगरावरून बघितले तर फिकट निळ्यात गडद निळी नागमोडी वाट दिसते, ती ही. दिसायला इतकी सुंदर, की मी तिचेच सगळ्यात जास्त फोटो काढले. पतंगाची दोरी तुटली तर दुकानात जाऊन नवी आणू, हेही तिथे नाही. जे लागेल ते आपले आपण न्यायचे.

तीन दिवस माझा नेम ठरून गेला. सकाळी छोटीचा पतंग धरायचा, तिने अंगठा वर केला की सोडायचा, आणि मग दगडावर बसून तिचा तो पिवळा पतंग बघायचा. कोणी पाण्यातून डोक्यावर हाताने थाप मारली तर समजायचे, त्याला पतंग उतरवायचा आहे. मग धावत जाऊन धरायचा. आमच्याबरोबर दोन फ्रेंच नवरा-बायको आणि मॉरिशसची दोन मुले होती. सगळे मला "मादाम" म्हणत आणि मी सगळ्यांचे पतंग धरीत असे. छोटी पाण्यावरून जाताना फळीचा चर्र आवाज येतो. एकदा तिने उडी मारली ती दोन मजल्यांइतकी वर गेली, आणि वरून मला हात केला. आमच्या घरात कपात साखर किती घालायची हेही दुसऱ्याला विचारणारी मुलगी ही! मी बघतच राहिले.

दुपारी वेळ असे, तेव्हा मी गावात हिंडले. पोर्ट मातुरीन ही राजधानी, तिथे शनिवारी भल्या सकाळी बाजार भरतो. केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या टोपल्या आणि टोप्या इथल्या बायका फार सुबक विणतात. मी दोन घेतल्या. लहान रसाळ लिंबे, मध, लाल घेवडा आणि बोटाच्या पेराएवढ्या मिरच्या. या मिरच्या नुसत्या वाटून, लिंबू-मीठ घालून बाटलीत भरतात. तेल नाही, फोडणी नाही. आपल्या ठेच्याची सख्खी बहीण, पण तिखटात मोठी. घरमालकीणबाईंनी मला पपईच्या मुरंब्याचे सारण भरलेली एक गोड पोळीवजा वडी खायला दिली. नारळाचीही करतात. मी त्यांना खुणांनी करंजी कशी मुडपायची ते दाखवले. भाषा नसली तरी कणकेचा गोळा हातात असला की बायकांचे अडत नाही.

पण सगळ्यात मन ओढले ते लगूनमधल्या बायकांनी. ओहोटी लागली की गावातल्या बायका गवती टोप्या घालून, पायात गमबूट चढवून, हातात लोखंडी टोकदार सळई घेऊन पाण्यात उतरतात आणि मैलभर आत चालत जातात. ऑक्टोपस पकडायला! तिथे त्याला 'उरीत' म्हणतात. प्रवाळाच्या कोणत्या भोकात तो बसला आहे, हे त्यांना नुसते बघून कळते. मग ते उरीत दांडीवर कपड्यांसारखे वाळत घालतात. मध्यंतरी फार पकडल्यामुळे ते कमी झाले, म्हणून २०१२ पासून वर्षातले काही आठवडे पकडायला बंदी असते. ही कामाची रीत आईकडून लेकीकडे आलेली. सुरक्षेचा पट्टा नाही, होडी नाही, सळई हीच काठी आणि सळई हेच हत्यार. मी शाकाहारी घरातली, पण त्या बायका पाण्यातून एका ओळीत परत यायच्या तेव्हा पाणवठ्यावरून येणाऱ्या आमच्या आजीची आठवण यायची.

आता चौथ्या दिवसाचे सांगते. ते सांगायचे म्हणूनच एवढे लिहायला बसले.

सकाळी वारा नेहमीपेक्षा जोराचा होता. छोटीने वारा मोजायचे चिमुकले यंत्र वर धरले. चोवीस नॉट. म्हणजे ताशी चव्वेचाळीस किलोमीटर. तिने लहान पतंग काढला, हवा भरली, दोऱ्या तपासल्या. मग थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, आईनं तुझ्याकडून शब्द घेतलाय ते मला माहीत आहे. तू नको म्हणालीस तर मी आज बसते."

मैत्रिणींनो, मी नको म्हणू शकले असते. एका शब्दाचे काम होते. पण तीन दिवस तिचा तो वरून केलेला हात मी बघितला होता. शिवाय चोवीस म्हणजे 'फार' की नाही, हे मला काय कळणार? ते तिलाच कळत होते. मी पतंग धरला आणि म्हटले, "जा. लवकर ये."

तासाभराने आग्नेयेला आकाश काळवंडले. तिथे अशा सरी येतात. पाच-दहा मिनिटे वारा दीडपट होतो, धो धो पाऊस पडतो आणि पुन्हा लख्ख ऊन. बाकीच्यांनी सर बघितली आणि सगळे किनाऱ्याकडे वळले. मी एकामागून एक चार पतंग धरून उतरवले. पाचवा पिवळा. तो सगळ्यात लांब होता, त्या गडद निळ्या वाटेच्या जवळ. मी बघते आहे तोच पाऊस आला, पडद्यासारखा. पाऊस सरला तेव्हा आकाशात पतंग नव्हता.

पुढचा पाऊण तास कसा गेला, ते मी धड सांगू शकत नाही. किनाऱ्यावरच्या केंद्रातल्या माणसाने लगेच होडी काढली. फ्रेंच बाई माझा हात धरून उभी राहिली. मला देवघर दिसत होते आणि सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या. पाणी खिंडीतून बाहेर जाते आहे, हे मीच तर तुम्हाला आत्ता वर शिकवले. बाहेर पुढची जमीन मॉरिशसची. मी मनात ओटी बोलले, नारळ बोलले, आणि त्याच वेळी शाळेतल्या मुलांना शिकवावे तशी स्वतःला बजावत होते, वारा किनाऱ्याकडे तिरपा आहे, वारा तिरपा आहे, तो तिला आत आणील.

आणि तसेच झाले. पश्चिमेला दीड-दोन किलोमीटरांवर उथळ पाण्यात तीन ठिपके दिसले. होडी तिथपर्यंत जाऊ शकत नव्हती, पाणी फारच कमी होते. ठिपके चालत येत होते. पुढे गवती टोपीची एक बाई सळईने वाट चाचपत, मधे छोटी, मागे दुसरी बाई डोक्यावर गुंडाळलेला पिवळा पतंग घेऊन, लाकडाची मोळी घ्यावी तशी!

छोटीने नंतर सांगितले ते असे. सर अंगावर येताच पतंगाने तिला उचलून आपटले. दांड्याजवळ एक लाल कळ असते. ती ढकलली की पतंगाची सगळी ताकद जाते आणि तो पाण्यावर निपचित पडतो. तिने ती ढकलली. मग शिकवल्याप्रमाणे दोऱ्या दांड्याला गुंडाळत गुंडाळत पतंगापर्यंत पोहोचली, त्याच्यावर छातीने आडवी पडली, त्याची एक बाजू शिडासारखी वर धरली आणि वाऱ्याने तिला ढकलत ढकलत आत आणले. प्रवाळावर घासून पतंग फाटला तेव्हा पाणी कमरेएवढे होते आणि समोर या दोघी उभ्या होत्या. "मी घाबरले नव्हते गं," ती म्हणाली, "मला फक्त वाटत होतं, तू तिकडं काय करत असशील." मी तिला एक चापट मारली आणि मग जवळ घेऊन रडले.

त्या दोघींपैकी मोठीने केंद्रातल्या माणसामार्फत विचारले, ही तुमची मुलगी का? मी म्हटले, नवऱ्याची बहीण. त्याने ते क्रिओलमध्ये सांगितले तेव्हा दोघी खूप हसल्या. का, ते आजतागायत कळलेले नाही. मी त्यांना माझ्याजवळचे सुंठ-गुळाचे लाडू दिले, आणि त्या आपल्या उरीतांची पाटी उचलून घरी गेल्या. त्यांची त्या दिवसाची ओहोटी आमच्यापायी अर्धी फुकट गेली होती.

पाचव्या दिवशी वारा तीसच्या घरात गेला. फ्रेंच जोडपे पाण्यात गेले. छोटीने यंत्र बघितले आणि आपण होऊन बसली. मी काही बोलले नव्हते. तिचे पोटरीचे ओरखडे मी हळदीने भरले होते. केंद्रावर शिवणाचे यंत्र होते, म्हणून आम्ही फाटका पतंग घेऊन तिथे गेलो. वीतभर फाटला होता. त्याला दोन्ही बाजूंनी खास चिकटपट्टी लावतात आणि वरून नागमोडी टीप घालतात. तिथला मुलगा टीप घालायला बसला. दोन मिनिटे मी बघितले आणि मग मला राहवले नाही. आमच्या घरात परकर-पोलक्यापासून पडद्यांपर्यंत सगळे मीच शिवते. त्याला उठवले आणि बसले. कापड निसरडे, दोऱ्याला ताण जास्त झाला की चुरगळते. जुन्या जरीच्या साडीला फॉल लावताना घेतो तशी काळजी घ्यावी लागते. मी तीन ओळी घातल्या. मुलगा म्हणाला दोन पुरतात. मी चौथीही घातली.

सहाव्या दिवशी वारा वीसच्या आसपास होता. छोटीने तोच पतंग काढला. मी धरला. तिने अंगठा वर केला, आणि मी क्षणभर सोडलाच नाही. माझी टीप नाकासमोर होती. मग सोडला. दिवसभर तो पिवळा पतंग डोक्यावर होता आणि मी मात्र छोटीकडे न बघता त्या टिपेकडेच बघत होते. दिसत तर काही नव्हती एवढ्या लांबून!

परत आलो त्याला आता दोन महिने झाले. ठेच्याची बाटली सासूबाईंनीच संपवली. टोपलीत देवाची फुले ठेवतात. "वारा फार नव्हता ना?" असे त्यांनी पहिल्या दिवशी विचारले होते, तेव्हा आम्ही दोघीही एकदम "नव्हता" म्हणालो. मध्ये चौथा दिवस आलेला आहे, हे त्यांना अजून ठाऊक नाही. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिले. कारण हा अंक गुरुवारी आला की आधी त्यांच्याच हातात जातो. शब्दकोडे सोडवून झाले की त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा वाचतात, आणि मग मला मिळतो.

आई, वाचून झालं की हाक मारा. मी स्वयंपाकघरातच आहे.